कंट्रोलर साहेबांचा समुद्र

आमच्या मंगरूळपीरला समुद्र होता. हसू नका. दीड हात लांब, हातभर रुंद आणि काठोकाठ खारा. एका लोखंडी टेबलावर तो ठेवलेला असे आणि त्याच्या वर भिंतीला एस.टी.चं वेळापत्रक टांगलेलं असे. आमच्या शाळेच्या भूगोलाच्या गुरुजींना हे अजिबात मान्य नव्हतं. पण भूगोलाचे गुरुजी त्या घरात भाड्यानं राहिले नव्हते. मी राहिले होते.

समुद्राचे मालक एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. वाशिमला जिल्हा व्हायला तेव्हा पुष्कळ अवकाश होता, आम्ही सगळे अकोल्याचेच. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायला म्हणून अमरावतीच्या गाडीतून उतरले, हातात ट्रंक, डोक्यात धाकधूक, आणि वरच्या भोंग्यातून खणखणीत आवाज आला, "लक्ष द्या. अमरावती गाडीतून उतरलेल्या नव्या मास्तरीनबाईनं चौकशी खिडकीवर यावं. त्याहीची खोली पाहून ठेवली हाये." अख्खं स्टँड माझ्याकडे बघायला लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडकीत एक काटकुळा, मिशीवाला माणूस माइक बाजूला सारून म्हणाला, "भाडं काकू सांगन. जेवन आमच्याच घरी. पयले घरी जाऊन खेकडा पाहून घ्या, मंग ठरवा."

घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत. माणसं बौद्ध, छप्पन साली दीक्षा घेतलेली. सकाळी त्रिशरण म्हणून झालं की काका खाकी चढवत आणि मग रात्रीपर्यंत ते एस.टी.चे. घरातही ते माइकवरच बोलत. "लक्ष द्या. भाजीत मीठ नाही." काकू चुलीपुढून तेवढ्याच आवाजात सांगत, "मीठ तुमच्या समुद्रात गेलं." जेवण उभ्यानंच, कारण केव्हा बोलावणं येईल याचा नेम नाही. विचारात पडले की खिशातला जुना तिकिटाचा चिमटा हातात घेऊन कट् कट् वाजवत बसायचे. त्यामुळे काका आज कशाच्या तरी फिकिरीत आहेत हे मला माझ्या खोलीत बसून कळायचं. घड्याळाचा त्यांना राग होता. "घड्याळ चुकते, कारंजा गाडी चुकत नाही," असं ते म्हणत. कारंजा गाडी रोज चुकायची, पण ते त्यांना कोण सांगणार?

आता समुद्राचं. टाकी बसच्या मोडीत निघालेल्या काचांची होती, लोखंडी पट्ट्यांत बसवून, फटी खिडकीच्या काचांना लावतात त्या लांबीनं बुजवलेली. वर्कशॉपमधल्या एका फिटरनं ती केली होती. पाण्यात हवा सोडायला ट्रकची ट्यूब. ती रोज पंक्चरवाल्याकडून टम्म फुगवून आणायची, टेबलाखाली ठेवायची, आणि तिच्या तोंडाला लावलेल्या बारीक नळीतून पाण्यात बुडबुडे सोडत राहायचे. संध्याकाळपर्यंत ट्यूब मरगळायची. मग काका तिला खांद्यावर टाकून पुन्हा निघायचे, आणि गल्लीतली पोरं ओरडायची, "कंट्रोलरचा समुद्र पंक्चर झाला हो!"

पाणी मात्र अस्सल मुंबईचं. तिकडचा एक ओळखीचा ड्रायव्हर किनाऱ्यावर कॅन भरून द्यायचा, आणि तो कॅन नाशिक, औरंगाबाद, जालना, मेहकर, वाशिम असा हात बदलत आमच्या फलाटावर उतरायचा. एस.टी.च्या माणसांना परस्परांची कामं करायची सवयच असते. कोणाची चप्पल, कोणाची सून, कोणाचं औषध, सगळं असंच पोचतं. पण काकांचा नियम कडक. कॅन उतरला की आधी त्याचं लगेज तिकीट फाडायचं.

"साहेब, आपल्या घरच्या मानसाचं कायले तिकीट?" वाशिमचा कंडक्टर म्हणायचा.

"मानसाचं नाही, समुद्राचं हाये. फाड."

त्या उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी येई. बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असताना मुंबईचं पाणी डौलात उतरून काकांच्या घरी जायचं. लोक टोमणे मारत. "प्याले पानी नाही, आन् कंट्रोलर समुद्र पोसून राह्यला." काका ऐकून घेत. टोमणे ऐकून घेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सुट्या पैशांवरून रोज चार माणसं त्यांच्यावर ओरडायचीच.

या सगळ्या थाटामाटात राहणारा प्राणी एकच. शंखात राहणारा खेकडा, बोराएवढा. त्यांची एकुलती एक मुलगी बेबी मुंबईला नर्सिंग शिकत होती. मी येण्याआधीच्या दिवाळीच्या सुट्टीत ती आली, तेव्हा स्टीलच्या डब्यात समुद्राचं पाणी आणि त्यात हा खेकडा घेऊन आली. जाताना डबा वडिलांच्या हातात देऊन म्हणाली, "बाबा, मी येईन तवापर्यंत सांभाळजा याले." एवढंच. ती गेली आणि डब्याचा समुद्र झाला.

बोराएवढ्या खेकड्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं मी एकदा काकूंना विचारलं. त्या सुकट निवडत बसल्या होत्या. त्यातलीच चिमूटभर खेकड्याला जायची.

"बाई, तुमाले काय सांगू," त्या म्हणाल्या. "बेबीले टायफाइड झाला, हे स्टँडवर. मॅट्रिक पास झाली, हे स्टँडवर. रजा म्हनून कधी टाकली नाही या मानसानं. पोट्टी मुंबईले निघाली तवा तरी गाडीपाशी याव का नाही? हे केबिनमधून भोंग्यावर सांगून राह्यले, वाशिम गाडी फलाट दोनवरून सुटून राह्यली. पोट्टी खिडकीतून केबिनकडं पाहूनच राह्यली. तिनं बापाकडं कधी काही मांगलं नाही. सांभाळा म्हनून काही देल्लं असन तर ते हेच."

काकांना मी काही विचारलं नव्हतं, पण एकदा ट्यूबला नळी जोडता जोडता तेच म्हणाले, "बेबी आली का इचारन. तिले का सांगू? मेला, आन् मी ड्युटीवर होतो?" मग बराच वेळ चिमटा वाजत राहिला. तेव्हापासून मीही जाता येता टाकीत डोकावायला लागले.

पावसाळा सुरू झाला आणि मुंबईचा तो ड्रायव्हर दुसऱ्या रूटवर गेला. कॅन बंद. टाकीतलं पाणी खाली जायला लागलं. काकांनी हाय खाल्ली नाही, उलट एक दिवस मोठ्या खुशीत घरी आले, मागे हमालाच्या डोक्यावर दोन कॅन. रिसोडकडच्या गाडीवरच्या कंडक्टरनं लोणारच्या तळ्याचं पाणी आणून दिलं होतं.

"खारं ते खारं, बाई," ते म्हणाले. "समुद्राचं का, लोनारचं का. कायले मुंबईपर्यंत हात पसरा? आपल्या बाजूले देवानं खारं पानी देल्लं हाये."

मी शाळेतून येईपर्यंत एक कॅन टाकीत रिकामा झाला होता. घरात कुजक्या अंड्यासारखा वास. काकू पदर नाकाला लावून ओसरीवर बसलेल्या. खेकडा जो शंखात शिरला तो बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी टाकीच्या तळाशी पांढरी भुकटी बसली, शाळेतल्या डस्टरमधून पडते तशी. तेव्हा काकांचा धीर सुटला. आम्ही अर्ध्याहून जास्त पाणी उपसलं आणि कॉटखाली जपून ठेवलेला मुंबईचा शेवटचा कॅन ओतला.

आणि मग एका सकाळी खेकडा शंखाबाहेर पडलेला दिसला. उताणा, पाय आखडलेले, निपचित.

काकूंनी स्टँडवर निरोप धाडला. काका टोपी हातात घेऊन आले. टाकीसमोर उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एवढा मोठा माणूस, आणि लाजला नाही. "बेबीले का सांगू आता," एवढंच म्हणत होते. अंगणात जास्वंदीखाली पुरायचं ठरलं. कशी कोण जाणे, बातमी स्टँडभर झाली. दोन ड्रायव्हर आले, पानठेल्यावाला आला, मानोरा गाडीचा ड्रायव्हर गाडी उभी ठेवून आला, आणि गाडी का उभी आहे हे बघायला त्या गाडीतले दोन प्रवासीही आले. सगळे गंभीर चेहऱ्यानं जास्वंदीभोवती उभे. मी तो खेकडा चमच्यानं उचलला, आणि तो मला भुईमुगाच्या टरफलासारखा हलका लागला. उजेडात धरला. पाठीवर चीर, आत काही नाही. निव्वळ पोकळ.

"काका," मी म्हटलं, "हा खेकडा नाही. हा खेकड्याचा शर्ट आहे."

सगळे टाकीकडे धावले. कोपऱ्यातल्या शंखात वाकून बघितलं तर आत काहीतरी गुलाबी हलत होतं. वाढ झाली की खेकडा जुनं कवच उतरवून टाकतो, सापानं कात टाकावी तसं; मी हे पुस्तकात वाचलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. मयतीला आलेल्या मंडळींना काकूंनी चहा पाजला. मानोरा गाडी त्या दिवशी उशिरा सुटली आणि काकांनी भोंग्यावरून कारण सांगितलं नाही.

पण आनंद टिकला नाही. नवं कवच घट्ट व्हायला हवं होतं, ते होईना. खेकडा मऊच्या मऊ. खाईना, हलेना. तळाची पांढरी भुकटी मला खुणावत होती, आणि तिथं माझं डोकं चाललं. कवचाला चुना, म्हणजे कॅल्शियम, लागतो. समुद्राच्या पाण्यात तो विरघळलेला असतो. लोणारच्या पाण्यात धुण्याचा सोडा असतो. दोघांची गाठ पडली आणि सगळा चुना खडू होऊन तळाला बसला. म्हणजे खेकड्याच्या ताटातला घास आम्हीच काढून घेतला होता. हे मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी चिमटा वाजवला आणि विचारलं, "मंग त्याले कॅल्शियम कुठून द्याचं?"

झालं. मंगरूळपीरचं अख्खं स्टँड कॅल्शियम शोधायला लागलं. कोणी अंड्यांची टरफलं कुटून आणली. ती तळाला जाऊन बसली. गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं हाडांची पूड दिली. "यानं म्हशी उभ्या राह्यल्या," तो म्हणाला, "खेकडा काहून नाही राह्यनार?" तीही बसली. मी शाळेतून खडू आणले, जसे काही तळाला कमीच होते. मग काका सरकारी दवाखान्यात रांगेत उभे राहिले. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहिता लिहिता पेशंटचं वय विचारलं.

"वय मालूम नाही, साहेब," काका म्हणाले. "पाय दहा हायेत."

डॉक्टर चांगला माणूस असावा. गोळ्या त्यानं दिल्या. काकांनी त्या कुटून टाकल्या आणि सकाळी समुद्राचं ताक झालं, वर फेस. पुन्हा उपसणं, पुन्हा धोतराच्या फडक्यातून गाळणं. पाणी थोडंच उरलं होतं. दिवाळी जवळ येत चालली होती, आणि बेबीला सुट्टी मिळाल्याचं कळलं होतं. काका जेवताना घास हातात धरून टाकीकडे बघत उभे राहायचे. मलाही ते बघवत नव्हतं.

त्याच आठवड्यात मी आठवीच्या वर्गाला तो नेहमीचा प्रयोग दाखवला: चुन्याची निवळी घ्यायची, नळीनं तिच्यात फुंकर मारायची, ती दुधाळ होते. उरलेली बाटली हातात घेऊन मी घरी आले. अंगणात काकू शेजारणीचं तान्हं मूल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाजूला वाटीत चुना, वर नितळ पाणी. ते त्या अलगद दुसऱ्या वाटीत ओतत होत्या.

"काय देता हो त्याला?"

"निवळी. दुधात दोन थेंब. लेकराच्या हाडाले."

मी माझ्या बाटलीकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघींनीही टाकीकडे बघितलं. खडू विरघळत नाही, टरफलं विरघळत नाहीत. निवळीतला चुना आधीच विरघळलेला असतो! जे प्रत्येक घरात बाळाला देतात आणि प्रत्येक शाळेत आठवीला शिकवतात, ते आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. मला इतकं हसू आलं की ते तान्हं मूलसुद्धा दचकून रडायला लागलं.

काकांनी पानठेल्यावरून ताजा चुना आणला. पहिल्यांदा उत्साहात एकदम वाटीभर निवळी ओतली, तर पाण्यात लगेच पांढरे ढग उठले. तेव्हा मी सांगितलं, की हे थेंबाथेंबानंच जायला हवं. थेंबाथेंबानं कसं सोडायचं, याचा तोडगा मानोरा गाडीच्या ड्रायव्हरनं काढला. "साहेब, महादेवाच्या पिंडीवर लावतेत तशी गळती लावा. मडक्याले बुडाशी भोक, भोकात वात. पाहा."

काकूंनी डोळे वटारले. "आमच्या घरी महादेवाची गळती?"

"महादेवावर नाही लावून राह्यलो," काका म्हणाले. "खेकड्यावर लावून राह्यलो. आन् त्याचा धरम कोनता, ते त्याले इचार."

मडकं टाकीवर टांगलं. पाणी जेवढं हवेत उडून जाई, तेवढी निवळी टपटप पडत राही. काका दोन गाड्यांच्या मधल्या वेळात धावत घरी येत, वात पाहत आणि धावत परत जात. मुंबईच्या नव्या ड्रायव्हरशीही बोलणं झालं, कॅन पुन्हा यायला लागले. तरी खेकडा शंखाबाहेर येत नव्हता.

एका दुपारी मी पेपर तपासत होते. काका दारात बूट काढत होते. टाकीतून बारीकसा आवाज आला. टक्. काका तसेच, एक बूट हातात, थांबले. पुन्हा टक्. खेकडा सुकटीचा तुकडा धरून काचेपाशी आला होता आणि त्याची नांगी काचेवर आपटत होती. मऊ नांगीचा आवाज येत नाही. घट्ट नांगीचाच येतो.

"लक्ष द्या," काका हळूच म्हणाले. त्यांना एवढ्या हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

दिवाळीच्या आधी बेबी येणार होती त्या दिवशी सकाळी काकांनी खाकी घातलीच नाही. पांढरा सदरा घातला. मी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "रजा टाकली." जणू सूर्य पश्चिमेला उगवला. आम्ही तिघं स्टँडवर गेलो. केबिनमध्ये कारंज्याहून बदली आलेला कंट्रोलर माइकवर बोलत होता. काकांना कुठं उभं राहायचं हेच कळेना. आधी चौकशी खिडकीपाशी थांबले, मग फलाट एकवर, मग थोडे मागे सरून खांबाला टेकले, आणि शेवटी हमालाला विचारलं, "वाशिम गाडी कोनत्या फलाटावर लागन रे?" हमालाला वाटलं साहेब चेष्टा करताहेत.

गाडी आली. बेबी उतरली, उंच, सावळी, डोळे थेट बापाचे. तिनं आधी केबिनकडे पाहिलं. तिथं दुसराच माणूस. मग फलाटावर, आपल्या समोर, पांढऱ्या सदऱ्यातले वडील तिला दिसले आणि तिच्या हातातली पिशवी खाली टेकली.

घरी येऊन ती टाकीपुढे उभी राहिली. ट्यूब, नळी, मडकं, टपटप, आणि वाळूतून आपला शंख ओढत चाललेला खेकडा. पुष्कळ वेळ ती बघत होती.

"जित्ता हाये?" ती म्हणाली. "बाबा, मी तर तो मरन म्हनूनच ठेवून गेली होती. गाडीतच अर्धमेला झाला होता. मले पाहवत नव्हतं."

काकूंचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. काका मात्र हसले. "मरन कसा? सांभाळा म्हनली ना तू."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. लोणारचं पाणी, मयत, गोळ्या, निवळी, गळती. ती नर्स होणारी मुलगी. एकेक गोष्ट नीट विचारून घेत होती, मधेच हसत होती. हसता हसता थांबली आणि टाकीकडे बघतच म्हणाली, "मी टायफाइडनं पडली होती तवा बी इतलेच धावत आले असते तं, बाबा." आवाजात राग नव्हता. म्हणून ते जास्तच लागलं.

 काकांनी मडक्याची वात उगाच सारखी केली.

"बेबी," ते म्हणाले, "मले वाटे का मी नसलो तर गाड्या सुटतच नाहीत. आज पाह्यलं. साऱ्या टायमावर सुटल्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा वाढवून घेतली.